धर्मादाय रुग्णालयातील मोफत आणि सवलतीचे उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची योग्य वेळ

सर्वात आधी एक गोष्ट: हा अर्ज डिस्चार्जच्या दिवशी करायचा नसतो. बिल हातात पडल्यावर नातेवाईक सोशल वर्करला शोधत बसतात. तोवर रुग्ण आठ दिवस सेमी-प्रायव्हेट खोलीत राहिलेला असतो आणि बिलही त्याच दराने तयार झालेले असते. सवलत मागायची वेळ दाखल होताना असते, शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर त्याच्याही आधी.

ही सवलत रुग्णालयाची कृपा नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक मध्ये (वकिलांच्या बोलण्यात ‘४१ एए’) धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांची जबाबदारी टाकली आहे. ती प्रत्यक्षात कशी पार पाडायची याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. मुंबईतली जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल, लीलावती किंवा पुण्यातली रुबी हॉल, जहांगीर ही नावे ऐकून कोणाला ‘धर्मादाय’ आठवत नाही, पण त्यांची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनच आहे. आपल्या गावातले रुग्णालय या यादीत आहे का, हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर किंवा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात कळते. डॉक्टरांच्या खासगी मालकीच्या नर्सिंग होमला ही योजना लागू नाही.

कोण पात्र?

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण ‘निर्धन’ गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर ‘दुर्बल घटक’ गटात मोडतो. पूर्वी ही मर्यादा ८५ हजार आणि १ लाख ६० हजार होती. जुने फलक अजून कुठे कुठे लटकलेले दिसतात, त्यावर विसंबू नका. प्रत्येक गटासाठी रुग्णालयाच्या एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा राखीव असतात. म्हणजे ३०० खाटांच्या रुग्णालयात ३० निर्धनांसाठी आणि ३० दुर्बल घटकांसाठी.

नेमके काय मिळते?

निर्धन रुग्णाला खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, रुग्णालय देत असेल तर जेवण आणि उपचाराला लागणाऱ्या नेहमीच्या तपासण्या मोफत. बाकीच्या सेवांचे बिल रुग्णालयातल्या सर्वात खालच्या वर्गाच्या दराने बनते. औषधे, साहित्य आणि इम्प्लांट यांची किंमत छापील नव्हे, रुग्णालयाच्या खरेदीची लावायची असते. डॉक्टरांनी आपले शुल्क सोडले असेल तर ते बिलात येत नाही. उरलेली सगळी रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’तून भागवली जाते, म्हणजे रुग्णाला काही भरावे लागत नाही.

दुर्बल घटकाच्या बाबतीत ‘अर्धे बिल माफ’ असे सरसकट सांगितले जाते. योजनेचे शब्द थोडे वेगळे आहेत: बिल सर्वात खालच्या वर्गाच्या दराने, औषधे-साहित्य-इम्प्लांट खरेदी किमतीत, आणि या औषध-साहित्याच्या बिलाची किमान निम्मी रक्कम रुग्णाने भरायची. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत इम्प्लांट आणि औषधे मिळून खरेदी किमतीने ८० हजार झाले, तर त्यातले निदान ४० हजार खिशातून जाणार हे धरून चला. तपशीलवार बिल मागा आणि त्यात इम्प्लांटची किंमत कोणती धरली आहे ते पाहा. फरक पडतो तो तिथेच.

निर्धन रुग्ण निधी येतो कुठून? या दोन गटांबाहेरच्या सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. त्यामुळे ‘फंड संपला’ एवढेच सांगून रुग्णाला परत पाठवणे पुरेसे नाही. निधी कमी पडला तर देखरेख समितीच्या निदर्शनास आणून द्यायची सोय योजनेतच आहे.

कागदपत्रे

मुख्य कागद यांपैकी कोणताही एक: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका अथवा दारिद्र्यरेषेचे कार्ड. सोबत रुग्णाचे आधार, डॉक्टरांची शिफारस किंवा दाखल करण्याची चिठ्ठी, खर्चाचे एस्टिमेट आणि आधीचे रिपोर्ट लागतात. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मूळ प्रती जवळ ठेवा. रुग्णालये बहुधा उत्पन्नाचा दाखलाच मागतात, म्हणून तो काढून ठेवलेला बरा.

दाखला ‘आपले सरकार’ पोर्टलवरून, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून निघतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शिधापत्रिका, साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, नोकरी असेल तर पगाराची स्लिप किंवा फॉर्म १६ जोडावा लागतो.

गोची होते ती तारखेत. दाखल्याच्या तळाशी ‘३१ मार्च …पर्यंत वैध’ असे छापलेले असते. फेब्रुवारीत काढलेला एक वर्षाचा दाखला दीड-दोन महिन्यांत शिळा होतो. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया असेल तर आधी ती ओळ वाचा. दुसरी अडचण नावाची. आधारवर ‘सुमनबाई’, दाखल्यावर ‘सुमन’ आणि शिधापत्रिकेवर माहेरचे आडनाव, एवढ्यानेच फाइल अडकून पडते. अर्जात रुग्णाचे नाव आधारप्रमाणेच लिहा.

अर्ज कसा द्यायचा

रुग्णालयात ‘वैद्यकीय समाजसेवक’ किंवा सोशल वर्करचे टेबल शोधा. नोंदणी काउंटरवरच्या माणसाला योजनेची माहिती असेलच असे नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा: रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, आजार, कुटुंबाचे उत्पन्न आणि कोणत्या गटातून सवलत हवी आहे ते. झेरॉक्सवर ‘मिळाले’ची सही आणि तारीख घ्या. आणि रुग्णाला जनरल वॉर्डमध्येच दाखल करा. ‘आधी प्रायव्हेट घेऊ, मग बघू’ असे केले की पुढे सवलत मिळणे अवघड जाते.

तातडीच्या रुग्णाकडून दाखल करताना अनामत रक्कम मागता येत नाही. अशा रुग्णाला कागदपत्रांची वाट न पाहता ताबडतोब दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायचे असतात. दाखला मागाहून आणून द्या, पण त्याच दिवशी समाजसेवकाला तोंडी कळवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हेही त्याच टेबलावर विचारा. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र ठराविक उपचारांसाठी आणि योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांतच.

नकार मिळाला तर

‘राखीव खाटा भरल्या’ हे उत्तर खरे असू शकते. मोठ्या रुग्णालयात त्या खरोखर भरलेल्या असतात. पण उत्तर लेखी मागा. लेखी देत नसतील तर तारीख, वेळ आणि कोण काय म्हणाले ते टिपून ठेवा. मग त्या विभागाच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे, मुंबईत असाल तर वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात, अर्जाची प्रत, दाखला आणि एस्टिमेट जोडून तक्रार द्या. रुग्ण अजून खाटेवर असताना दिलेल्या तक्रारीवर धर्मादाय कार्यालयाचे निरीक्षक रुग्णालयाशी थेट बोलून मार्ग काढू शकतात. बिल भरून घरी गेल्यावर तो परतावा मिळवण्याचा वेगळाच, लांबलचक मामला होऊन बसतो.