गाठीतले रिसेप्टर दाखवणारा स्कॅन

मिरजेच्या दवाखान्यांत सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, तर पार बेळगाव-विजापूरकडचेही पेशंट येतात. स्तनाच्या कर्करोगाचा संशय आला की सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात; हीच बायोप्सी. त्या रिपोर्टातली एक ओळ फार मोलाची असते: 'इआर पॉझिटिव्ह' की 'निगेटिव्ह'. पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर आहेत आणि त्या हार्मोनवर त्या वाढतात. मग टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलच्या गोळ्यांनी आजार वर्षानुवर्षं आटोक्यात राहू शकतो.

पण आजार उलटून हाडांत, फुप्फुसांत गेला, तर नव्या गाठी पहिलीसारख्याच असतील असं नाही. एकाच बाईच्या मणक्यातल्या गाठीत रिसेप्टर असतात आणि फुप्फुसातल्या गाठीत नसतात, असंही आढळतं. सुई एकाच जागेचं सांगते, आणि मणक्यात सुई घालणं सोपं नसतं.

म्हणून संशोधकांनी इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेन प्रकारच्या हार्मोनच्या रेणूलाच फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडला. शिरेतून दिलेलं हे द्रव्य, म्हणजे एफईएस, रिसेप्टर असतील तिथे जाऊन चिकटतं, आणि तास-सव्वा तासाने पेट स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साठलं ते दाखवणाऱ्या तपासणीत, त्या जागा उजळतात. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखर भराभर ओढणाऱ्या पेशी दिसतात; त्या गोळ्यांना दाद देतील का, हे कळत नाही. साखरेच्या स्कॅनमध्ये ठळक दिसणारी गाठ एफईएसमध्ये दिसलीच नाही, तर तिथे हार्मोनच्या गोळ्यांवर विसंबणं धोक्याचं. या तपासणीचं खरं मोल मला इथेच वाटतं.

अमेरिकेत तिला मे २०२० मध्ये मान्यता मिळाली, तीही बायोप्सीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. यकृत हे द्रव्य स्वतःच शोषून घेतं, त्यामुळे तिथल्या गाठी झाकल्या जातात. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर रिसेप्टर आधीच अडलेले असतात आणि स्कॅन फसवतो.

सांगलीकरांसाठी आणखी एक अडचण अंतराची. फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे अणूंच्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, तयार होतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं उरतं. मुंबईत परळला २००२ पासून असा सायक्लोट्रॉन आहे. तिथून निघालेली कुपी सव्वासात तासांनी सांगलीत पोचली, तर तिच्यातली किरणोत्सारिता जेमतेम सोळावा हिस्सा राहील.

आजार उलटल्यावर नव्या गाठीची बायोप्सी मात्र इथेही होऊ शकते. ती करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि पहिला इआरचा रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा. पुढे दवाखाना बदलला, तरी नव्या डॉक्टरांना तो लागतोच.