आतड्याची दुर्बीण आणि तुमचं इन्सुलिन

नौपाड्यातल्या आमच्या दुकानात पोट साफ करायची पावडर घ्यायला कुणी आलं, की आम्ही आधी विचारतो, "ज्यांच्यासाठी नेताय त्यांना इन्सुलिन चालू आहे का?" उत्तर हो आलं, तर हे पत्रक पिशवीत जातं. आदल्या रात्री नको, कोलोनोस्कोपीची, म्हणजे आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची, तारीख मिळाली की लगेच वाचा. यातल्या काही गोष्टी आठवडाभर आधीच ठरवाव्या लागतात.

"एक दिवसाचा उपासच तर आहे, त्या दिवशी इन्सुलिन घेत नाही." हे आम्ही फार वेळा ऐकतो. "डोस चुकवायचा नाही म्हणून पूर्ण घेतलं," हेही ऐकतो. दोन्हींत धोका आहे. पोटात अन्न नसताना नेहमीचा पूर्ण डोस गेला तर शुगर झपाट्याने उतरते. आणि इन्सुलिन अजिबात घेतलं नाही, तर काही न खाताही शुगर चढते, कारण यकृत रक्तात साखर सोडतच असतं. टाइप 1 (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्यांच्या रक्तात तर काही तासांतच किटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठू लागतात, उलट्या सुरू होतात आणि थेट दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. टाइप 1 असेल तर लांब पल्ल्याचं इन्सुलिन त्या दिवशीही बंद करायचं नसतं.

म्हणून डोस बदलायचा असतो, आणि तो बदल तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्यायचा असतो. त्यांच्याशी बोलताना अंदाज असावा म्हणून सांगतो: ग्लार्जिन, डेग्लुडेकसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बहुधा पाचवा ते चौथा हिस्सा कमी करतात. 30/70 सारखं मिक्स इन्सुलिन बऱ्याचदा निम्म्यावर आणतात. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन जेवण नसेल तेव्हा सहसा घ्यायचं नसतं. हे फक्त अंदाज आहेत, तुमचा डोस नाही. "थोडं कमी घ्या" एवढ्यावर दवाखान्यातून उठू नका. किती युनिट, किती वाजता, हे विचाराच.

डोस निम्मा करताना सिरिंज नीट बघा. 40 च्या (एका मिलीत 40 युनिट) बाटलीला लाल टोपीची सिरिंज, 100 च्या बाटलीला केशरी टोपीची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट होऊ शकतो किंवा निम्म्याहून कमी राहतो. शंका आली तर बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन दुकानात या.

गोळ्यांचंही आधीच विचारून ठेवा. ज्या औषधाचं नाव "ग्लिफ्लोझिन"ने संपतं (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन), ते साधारण तीन-चार दिवस आधी थांबवतात. ते चालू असताना उपाशी राहिलं तर मीटरवर शुगर ठीक दिसत असूनही किटोन वाढू शकतात. लोहाच्या गोळ्याही काही दिवस आधी बंद करतात, नाहीतर आतड्यात काळा थर राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका.

आता खाणं. एरवी आम्हीच तुम्हाला भाकरी खा, पालेभाजी खा, कोंडा चाळू नका म्हणतो. या दोन-तीन दिवसांत सगळं उलट. ज्वारी-बाजरी-नाचणी, मेथी, शेपू, पेरू, टोमॅटोच्या बिया, तीळ, शेंगदाणे बंद. पांढरा मऊ भात आणि वरण, मैद्याचा ब्रेड चालतो. उपासाची साबुदाणा खिचडी नको, त्यातलं दाण्याचं कूट आतड्यात चिकटून बसतं. जुन्या मधुमेहात आतडी मंद चालतात आणि पोट नीट साफ होत नाही. म्हणून बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी सांगा, तयारी जास्त दिवसांची देता येते.

आदल्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, डाळीचं वरचं निवळ पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस, शहाळं. दूध आणि ताक नाही. कोकम सरबतही नाही: लाल-जांभळा रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. पावडरच्या दोन लिटर पाण्यातून अंगाला साखर मिळत नाही, म्हणून दिवसभर नुसत्या बिनसाखरेच्या पेयांवर राहू नका. ठरलेल्या वेळांना थोडं गोड पेय हवंच. किडनीचा त्रास असेल तर शहाळं आणि पावडर, दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.

शुगर उतरली तर

जागे असेपर्यंत दर दोन-तीन तासांनी तपासा, झोपण्याआधी एकदा, पहाटे एकदा. स्ट्रिपची डबी भरलेली आहे ना, ते आधीच बघा. घाम, थरथर, धडधड, घाबरं होणं ही खूण. मीटर 70 च्या खाली दाखवत असेल तर अर्ध्या पेल्या पाण्यात चहाचे तीन-चार चमचे साखर घालून लगेच प्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा घ्या. शहाळ्यातली साखर यासाठी कमी पडते.

"पाणीसुद्धा पिऊ नका" सांगितलेल्या शेवटच्या तासांत शुगर उतरली तरीही साखरपाणी घ्या आणि तपासणी केंद्राला फोन करून सांगा. तपासणी रद्द होईल या भीतीने घाम पुसत गप्प बसणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. तपासणी दोन दिवसांनी करता येते. माणूस बेशुद्ध झाला तर तोंडात काही ओतू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. उलट, मीटर 250 च्या वरच राहत असेल किंवा उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना त्याच वेळी कळवा, सकाळची वाट बघू नका.

वेळ सकाळची पहिली मागा, उपाशी राहण्याचे तास कमी होतात. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी वाहतुकीचा वेळ धरून निघा. कळवा-दिव्याकडच्या मंडळींनी लोकलचा भरवसा धरू नये, गाडीत स्वच्छतागृह नाही आणि पावडरचा परिणाम तोवर संपलेला असेलच असं नाही. मीटर, साखर आणि इन्सुलिन पिशवीत असू द्या. सोबत घरचं मोठं माणूस हवंच, कारण भुलीच्या औषधानंतर त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नाही.

तपासणीनंतर खायला परवानगी मिळाली की हलकं खा, मिसळ नको. इन्सुलिन त्या जेवणाबरोबर, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. चुकलेला डोस भरून काढायला दुप्पट घेऊ नका. पुढचा एक दिवस शुगर थोडी जास्त वेळा तपासा.

पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. डॉक्टरांनी दिलेले युनिटचे आकडे आणि वेळा तिथे लिहा आणि फ्रिजच्या दारावर लावा, म्हणजे पहाटे घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते सापडतील.