वीरगळ आणि रस्त्याकडेची स्मारके (कोल्हापूर परिसर)

वीरगळ म्हणजे लढताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला कोरीव दगड. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘वीरगल्लु’चा मराठीत वीरगळ झाला. कोल्हापूर जिल्ह्यात गावाच्या वेशीपाशी, पिंपळाच्या पाराला टेकून, शंकराच्या देवळामागे किंवा पाणंदीच्या कडेला हे दगड दिसतात. बहुतेक काळ्या पाषाणाचे, कंबरेएवढे किंवा त्याहून थोडे उंच. त्यांतले बरेच शिलाहार आणि यादव राजवटींतले, म्हणजे साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले मानले जातात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. दगडावर एकावर एक तीन-चार चौकटी असतात. सर्वांत खाली मरण: वीर आडवा पडलेला, किंवा ढाल-तलवार घेऊन एकटाच दोघा-तिघांशी झुंजणारा. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही दंडांना धरून स्वर्गाकडे नेतात. त्याहून वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर चंद्र आणि सूर्य: जोवर ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. खालच्या चौकटीत गाईगुरांची रांग दिसली, तर तो माणूस पळवून नेली जाणारी जनावरे सोडवताना पडला असे समजावे. कोरीवकाम झिजलेले असेल तर भरदुपारी काहीच उमगत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात तोच दगड बोलायला लागतो.

शेजारी अनेकदा सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकवून वर उचललेला एक हात आणि मनगटात भरगच्च चुडा. चुडा शाबूत, म्हणजे सौभाग्य अखंड.

कोल्हापूरच्या शिलाहारांना चालुक्य, यादव आणि गोव्याचे कदंब असे तिन्हीकडून तोलामोलाचे शेजारी होते. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या दुसऱ्या भोजाचा यादव राजा सिंघणाने १२१२ च्या सुमारास पराभव केला आणि ही राजवट संपली. पण सगळे वीरगळ अशा मोठ्या लढायांचे धरणे चूक आहे. गुरे हाकून नेणारी टोळी, गावावर पडलेला दरोडा, शिवेवरून झालेली मारामारी, एवढ्यानेही माणसे मरत, आणि गावाला ती राजापेक्षा जवळची होती.

या परिसरात वीरगळांसाठी सर्वांत प्रसिद्ध गाव करवीर तालुक्यातील कसबा बीड. शिलाहारकालीन राजधानी म्हणून त्याची ओळख सांगितली जाते. पावसाळ्यात इथल्या शेतांत आणि घरांच्या आसपास सोन्याची बारीक नाणी सापडत आली आहेत. लोक त्याला ‘सोन्याचा पाऊस’ म्हणतात. बातम्या या पावसाच्याच होतात. वीरगळ तसेच उभे.

वीरगळांवर लेख क्वचितच असतो. त्यामुळे माणूस कसा मेला हे दिसते, कोण होता ते कळत नाही. नाव विसरल्यावर गावाने या दगडांचे आपापल्या परीने काय काय केले आहे. कुठे शेंदूर फासून म्हसोबा केला, कुठे देवळाच्या जोत्यात बसवला, कुठे नदीवर धुणे आपटायला नेला. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंटचे हात बसतात ते सर्वांत वाईट, कारण त्याखाली बारीक कोरीवकाम बुजून जाते. शेंदूर निदान श्रद्धेने लागतो. रस्ता रुंद करताना दगड उचलून देवळात नेऊन ठेवला की तो वाचतो खरा, पण घटना नेमकी कुठे घडली याचा उरलासुरला धागा तुटतो. शंभर वर्षांहून जुनी अशी शिल्पे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. गावोगावच्या वीरगळांना प्रत्यक्षात राखण गावाचीच.

अलीकडच्या स्मारकांत नाव आधी येते. पन्हाळ्यावर बाजीप्रभू देशपांडे आणि शिवा काशीद यांचे पुतळे आहेत. सिद्दी जौहरचा वेढा इथे पडला होता. बाजीप्रभू पडले ते मात्र इथून दूर, शाहूवाडी तालुक्यातील घोडखिंडीत, १३ जुलै १६६० रोजी. खिंडीचे नावच पुढे पावनखिंड झाले, आणि आजही जुलैच्या पावसात पन्हाळ्याहून तिकडे पायी मोहिमा निघतात. चिखल तुडवत त्या खिंडीत पोचल्यावर जे कळते ते पुतळ्यापाशी कळत नाही.

गडहिंग्लज तालुक्यात नेसरीच्या खिंडीत सरसेनापती प्रतापराव गुजर यांचे स्मारक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी बहलोलखानाच्या फौजेवर सहा स्वारांनिशी चालून जाऊन ते पडले. त्या सहा जणांची म्हणून जी नावे सांगितली जातात, त्यांवर अभ्यासकांचे एकमत नाही. सात हा आकडा मात्र पोरासोरांनाही पाठ असतो.

कोल्हापूर शहरात ही जागा चौकांनी घेतली आहे. १८५७ च्या उठावाशी नाव जोडले गेलेले आणि पुढे कराचीला स्थानबद्धतेत वारलेले चिमासाहेब महाराज एका चौकाच्या नावात आहेत. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी उभे राहिले. आंबेडकर तेव्हा हयात होते, त्यामुळे ही स्मारकांच्या जगात विरळाच गोष्ट. चौकाला नाव आहे ते बिंदू नारायण कुलकर्णी या १९४२ च्या आंदोलनातील हुतात्म्याचे. दिवसभर रिक्षावाल्यांच्या तोंडी ‘बिंदू चौक, बिंदू चौक’ चालू असते. बिंदू हा माणूस होता हे सांगितले की शहरातलीच माणसे पुन्हा विचारतात, ‘कोण म्हणालासा?’