सकाळची सभा (आकाशवाणी)

आकाशवाणीच्या दिवसभराच्या प्रसारणातील पहिला टप्पा. प्रसारणाच्या सलग टप्प्याला आकाशवाणीत 'सभा' म्हणतात : सकाळची पहिली, दुपारची दुसरी, संध्याकाळची तिसरी. पुष्कळ वाहिन्या आता मध्ये खंड न पाडता चालतात, तरी शब्द रुजलेला आहे. भक्तिसंगीत, चिंतन, बातम्या, शेती-आरोग्याची माहिती, पाहुण्यांशी गप्पा आणि भावगीते हा मराठी केंद्रांवरील पहिल्या सभेचा नेहमीचा ऐवज. मुंबईचे प्रसारण १९२७ पासूनचे. नागपूर केंद्र १९४८ चे, पुणे १९५३ चे.

सभा उघडते पहाटे ५:५५ च्या सुमारास. आधी संकेतधून, मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनी, म्हणजे बहुधा सनई. शिवरंजनी रागाच्या सुरांवरील या संकेतधुनीचे श्रेय १९३० च्या दशकात मुंबई केंद्रावर असलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. त्यानंतर उद्घोषक केंद्राचे नाव, कंप्रता (फ्रीक्वेन्सी) आणि दिनांक सांगतो आणि भक्तिगीते सुरू होतात.

ही सभा कोणी बसून ऐकत नाही. एक डोळा गॅसवरच्या दुधावर, हात डब्याच्या पोळीवर आणि कान रेडिओकडे, असा तिचा श्रोता. पुण्याच्या ७:१० च्या प्रादेशिक बातम्या लागल्या की अंघोळीला पाठवायचे, ८:३० च्या बातम्यांना घर सोडायचे, असे पिढ्यान्‌पिढ्यांचे वेळापत्रक तिच्यावर बसलेले. त्यामुळे या सभेत मजकुरापेक्षाही वेळ पाळणे मोठे. गाणे सुमार लागले तर श्रोता सोडून देतो. बातम्या दोन मिनिटे उशिरा लागल्या तर घरोघरी बस चुकते.

चिंतन

पाच मिनिटांचे एकट्याचे बोलणे. दिसायला सोपे, पण बिघडते सर्वांत जास्त तेच. निवेदकाने करून दिलेली ओळख आणि शेवटी सांगितलेले वक्त्याचे नाव वजा जाता साडेचार मिनिटे उरतात. मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द ही सकाळी कानाला मानवणारी गती. म्हणजे मजकूर ४५० ते ५०० शब्दांचा. लेखक हमखास आठशे शब्द आणतात आणि मग स्टुडिओत धाप लागेपर्यंत धावतात. अशा वेळी वाचनाचा वेग वाढवू नये, उदाहरण काढून टाकावे. दोन उदाहरणे असली की दुसरे बहुतेक वेळा पहिल्याचाच अवतार असतो.

ओवी किंवा अभंगाचा चरण एकच घ्यावा आणि तो दोनदा म्हणावा. श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही. 'वर म्हटल्याप्रमाणे', 'पुढील तीन मुद्दे' हे शब्द इथे निरुपयोगी. धर्म, जात, पक्ष यांच्यावर हल्ला करणारा मजकूर आकाशवाणीच्या प्रसारणसंहितेत बसत नाही, म्हणून लेखकाचा मजकूर आधी तपासला जातो.

चिंतने आधी ध्वनिमुद्रित करून ठेवतात, बऱ्याचदा एका बैठकीत चार-पाच. चौथ्यापासून आवाज उतरतो आणि पाचवे सुतकी वाटते, तीनवर थांबावे. मे महिन्यात ध्वनिमुद्रित केलेल्या भागात 'बाहेर पाऊस कोसळतो आहे' असे वाक्य राहिले आणि प्रसारणाच्या दिवशी लख्ख ऊन पडले, तर पुढच्या कुठल्याच वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

गाणी

सहाच्या सुमारास अभंग, भूपाळ्या, स्तोत्रे, साडेसातनंतर भावगीते, आठनंतर लय थोडी वाढते. भूपाळी हा गीतप्रकार पहाटेचा असला तरी भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, ही गोष्ट नवख्या निवडकर्त्याच्या लक्षात येत नाही, तो सकाळी भूप लावतो आणि तक्रारीचे पत्र येते. सकाळी भैरव, अहिरभैरव, तोडी चालतात.

जुन्या गीतांची लांबी तीन-साडेतीन मिनिटांची, कारण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. उद्घोषकाला ही लांबी फार सोयीची. सकाळच्या वेळेवर एक अख्खी मालिका उभी राहिल्याचे ठळक उदाहरण म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावरून दर शुक्रवारी सकाळी नवे गीत प्रसारित होई. गीते ५६, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे, कल्पना केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची.

पाहुणा

मुलाखत दहा ते पंधरा मिनिटांची. पाहुण्याला अर्धा तास आधी बोलवावे, कोमट पाणी द्यावे आणि हातातल्या बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल बाहेर ठेवायला सांगावे. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरपा असावा. समोरासमोर धरला तर 'प', 'फ', 'भ' यांचा फुत्कार बसतो. कागद सुटे ठेवावेत आणि उलटण्याऐवजी बाजूला सरकवावेत. प्रश्न सगळे आधी सांगू नयेत. विषय सांगावा आणि पहिला प्रश्न तेवढा सांगावा. सगळे प्रश्न कळले की पाहुणा उत्तरे लिहून आणतो आणि वाचून दाखवतो, आणि वाचलेले उत्तर चहा गाळणाऱ्या माणसालाही ओळखू येते.

दूरध्वनीवरच्या पाहुण्याची अडचण निराळी. घरातला रेडिओ चालू राहिला तर स्वतःचाच आवाज फिरून येतो आणि कधी शिट्टी घुमते. मोबाइल अॅपवर प्रसारण काही सेकंद मागे असते, त्यामुळे ते ऐकत बोलणारा माणूस अडखळतो. जोडणीपूर्वी 'रेडिओ बंद करा, स्पीकरवर बोलू नका' हे दोनदा सांगावे लागते.

उलटे गणित

उद्घोषकाचे खरे कौशल्य मागून पुढे मोजण्यात. समजा बातम्या ७:१० ला. त्यांची सूचना दहा सेकंदांची, म्हणजे गाणे ७:०९:५० ला संपायला हवे. गाणे तीन मिनिटे वीस सेकंदांचे, तर ते ७:०६:३० ला सुरू झाले पाहिजे. त्याच्या निवेदनाला वीस सेकंद, म्हणून माइक ७:०६:१० ला उघडायचा. त्याआधीचा पाहुणा रेंगाळला आणि ७:०७:३० झाले, तर ते गाणे लावायचेच नाही. तीन मिनिटांचे वाद्यसंगीत घ्यायचे आणि वेळ झाली की आवाज हळूहळू उतरवायचा. वाद्यसंगीत कुठेही विरले तरी खटकत नाही. शब्दांचे गाणे अंतऱ्यात तोडले तर लोक चिडतात, आणि रास्त चिडतात. म्हणून टेबलावर एक, दोन आणि तीन मिनिटांचे पूरक संगीत हाताशी लागतेच.

सर्वांत वाईट चूक म्हणजे शांतता. चार-पाच सेकंद काही ऐकू आले नाही की श्रोता सेट बिघडला समजतो किंवा दुसरे केंद्र लावतो. ध्वनिमुद्रण सुरू न झाल्यास त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) बंद करून लगेच वेळ सांगावी. सकाळी वेळ सांगणे कधीच अप्रस्तुत ठरत नाही. झालेली चूक नोंदवहीत सेकंदांसह लिहिली जाते.

खासगी एफएम वाहिन्यांनी २००१ नंतर सकाळचा हाच पट्टा घेतला आणि त्यात वाहतुकीची खबर, श्रोत्यांचे फोन, थट्टामस्करी भरली. स्वतःच्या बातम्या मात्र त्यांना देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच, बदल न करता घ्याव्या लागतात. सामुदायिक, म्हणजे स्थानिक लोकांसाठीच्या छोट्या केंद्रांची, उदाहरणार्थ सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'ची, पोच काही कोसांचीच असल्याने त्यांचा पाहुणा बहुधा श्रोत्याच्या ओळखीचा निघतो.

लहरींचे ग्रहण

मध्यम लहरींवर (पुणे ७९२, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ) ही सभा ऐकताना सूर्योदयापूर्वी, विशेषतः हिवाळ्यात, मागे एखादे दूरचे केंद्र गुणगुणताना ऐकू येते. रात्री आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागातून) परावर्तित होऊन लहरी शेकडो किलोमीटर येतात. ऊन चढले की खालचा थर त्या शोषून घेतो आणि आवाज स्वच्छ होतो. खरखर दिवसभर राहिली तर दोष बहुधा घरातच असतो : स्वस्त एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर. तो बंद करून पाहावा. तरीही गेली नाही, तर सेट जागेवरच पाव फेरी फिरवावा; आतली फेराइट कांडी आडवी असते आणि तिच्या टोकाच्या दिशेने येणारी लहर ती जवळजवळ पकडतच नाही.