बोटं ऐकेनाशी होतात तेव्हा

वेगवान तुकडा वाजवताना पियानोवादकाची करंगळी किंचित आत वळते. दुखत नाही, सूज नाही. सराव कमी पडला असं समजून तो तोच तुकडा दिवसभर घोटत बसतो. घात इथेच होतो.

हा फोकल डिस्टोनिया, म्हणजे शरीराच्या एखाद्याच भागातले स्नायू आपोआप आकसण्याचा विकार. साधारण शंभर व्यावसायिक वादकांमध्ये एकाला तो होतो, बहुधा तिशी-चाळिशीत, आणि पुरुषांना जास्त. तीच बोटं पेन धरतात, गुंड्या लावतात. वाद्यावर ठेवली की मात्र मुडपतात. व्हायोलिनवादकांचा बहुतेकदा डावा हात बिघडतो, गिटारवादकांचा उजवा, तर फुंकून वाजवणाऱ्यांचे ओठ.

बिघाड बोटांत नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या पृष्ठभागावर स्पर्शाचा एक नकाशा असतो आणि त्यात प्रत्येक बोटाला आपली जागा असते. सरावाने ती जागा वाढते. कौशल्य येतं ते त्यातूनच. पण दोन बोटं वर्षानुवर्षं जवळजवळ एकाच क्षणी, तीच ती हालचाल करत राहिली, तर मेंदू त्यांचे संदेश एकत्र धरू लागतो आणि मधल्या सीमा पुसट होतात. 1996 साली माकडांना एकच पकड पुन्हा पुन्हा करायला लावली, तेव्हा त्यांचा हा नकाशा विस्कटलेला दिसला. 1998 साली बाधित वादकांच्या मेंदूतही बोटांच्या जागा एकमेकींजवळ सरकलेल्या आढळल्या. शिवाय एक बोट हलताना शेजारच्यांना थोपवून धरणारी यंत्रणाही दुबळी होते. सूर तसूभरही हलू नये, अशा ध्यासाने आणि धास्तीने वाजवणाऱ्यांत हा विकार अधिक दिसतो. त्यांना थांबवणं सर्वांत अवघड, आणि उपचाराची सुरुवात तर थांबण्यानेच होते.

मग बोट वळत नाही इतक्या संथ लयीवर उतरायचं. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, लावून थोडा थोडा वेळच वाजवायचं, अनेक दिवस त्याच लयीवर राहायचं आणि मगच किंचित वेग वाढवायचा. बोट पुन्हा वळलं की मागे यायचं. याला महिने नव्हे, वर्षंही लागतात. घाईने वेग वाढवला तर जुनी चुकीची हालचालच पुन्हा पक्की होते. काहींना पातळ रबरी हातमोजा घातल्यावर लगेच बरं वाजवता येतं, कारण स्पर्श बदलला की मेंदूचा जुना साचा थोडा सैलावतो. ओढ घेणाऱ्या स्नायूत त्याला सैल करणाऱ्या बोटुलिनम विषाचं सूक्ष्म इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो. मात्रा जास्त झाली तर बोट लुळं पडतं; कमी पडली तर वळणं चालूच राहतं.

अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं 1964च्या सुमारास अशीच वळू लागली. त्यानंतर सुमारे तीस वर्षं ते केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले, वाद्यवृंदाचं संचालन करत राहिले. 1990च्या दशकात या इंजेक्शनांच्या आधारे ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. विकार गेला नव्हता, इंजेक्शनं घ्यावीच लागत होती.