रात्रपाळीतला कादंबरीकार : ब्रँडन सँडरसनची मागची गोष्ट

कापसाचा सीझन लागला की जिनिंगवर माझी ड्युटी रात्रीची असते, काट्यावर. अकरा-साडेअकरापर्यंत ट्रॅक्टर, मेटाडोर येत राहतात, भरल्या गाडीचं वजन घ्या, खाली झाली की रिकाम्या गाडीचं घ्या, पावती फाडा, अन् मग एकदम शांत. त्या वेळात मी मोबाइलवर वाचत बसतो. परवा बापासोबत कापूस घेऊन आलेल्या एका पोराने, यवतमाळला इंजिनिअरिंग करून राहिला तो, माझ्या स्क्रीनवरचं नाव पाहून विचारलं, "दादा, हा तोच ना, एका महिन्यात तीनशे कोटी कमावले तो?"

हाव, तोच. पण ते "एका महिन्यात" मला जरा टोचलं. रीलमध्ये तेवढंच सांगतात न बाप्पा. मग गाडी खाली होईस्तोवर त्याला जे सांगितलं तेच इथं टाइप करून राहिलो.

तर ब्रँडन सँडरसन, जादूच्या दुनियेच्या कादंबऱ्या लिहिणारा अमेरिकन लेखक, जन्म 19 डिसेंबर 1975, गाव लिंकन, नेब्रास्का. आपला विदर्भ जसा देशाच्या पोटात, समुद्र कुठंच नाही, तसंच ते राज्य अमेरिकेच्या मधोमध. मका अन् गुरंढोरं. पुस्तकं छापणारे सगळे तिकडं दूर न्यूयॉर्कात. पोरगा शाळेत वाचनाचा कंटाळा करणारा. आठवीतल्या बाईंनी त्याच्या हातात बार्बरा हॅम्बली या लेखिकेचं ड्रॅगनवालं एक पुस्तक दिलं, ड्रॅगन्सबेन. मला वाटलं होतं पोरगा ड्रॅगन पाहून खुश झाला असेल, पण तसं नाही. त्यातली जादूगारीण मध्यमवयीन बाई आहे, घरात लेकरं आहेत, अन् घर सांभाळू का विद्या वाढवू या पेचात ती अडकलेली आहे. याच्या आईने अकाउंटिंगमधली पुढची संधी याच्यासाठी सोडलेली होती. चौदा वर्षाच्या पोराला आपली माय काय सोडून घरी बसली हे एका ड्रॅगनच्या गोष्टीतून कळलं! तिथून तो जो वाचायला लागला तो थांबलाच नाही.

तरी आईची इच्छा डॉक्टरचीच (ते काही फक्त आपल्याकडेच नसते), म्हणून युटातल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री घेतली. घरचे मॉर्मन पंथाचे, त्यांच्यात तरुण पोरं धर्मसेवेला दोन वर्षं बाहेर जातात, हा दक्षिण कोरियात सोलला गेला. तिथं लक्षात आलं म्हणे की केमिस्ट्रीची काही आठवण येत नाही, लिहायची येते. परत आल्यावर सरळ इंग्रजीला बदली.

आता मला या माणसात सगळ्यात जास्त रस का आहे ते सांगतो. त्याने एका हॉटेलात रात्रपाळीची नोकरी धरली, रिसेप्शनवर. मुद्दाम धरली, कारण रात्री गिऱ्हाईक नसते अन् बसल्या बसल्या लिहिता येते. दिवसा कॉलेज, रात्री काउंटरवर कादंबरी. असं करत करत एकही पुस्तक विकलं जायच्या आधी त्याच्या बारा-तेरा कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. कविता नाही, कथा नाही, जाड जाड कादंबऱ्या! मी एकदा एका दिवाळी अंकाला एक कथा पाठवली होती, हो नाही काहीच उत्तर आलं नाही, तर मी दोन वर्षं लिहिणंच सोडलं. म्हणून त्या बारा-तेराच्या आकड्याजवळ मी दरवेळी थांबतो.

त्याला नकार देणारे सांगत, पुस्तकं लय लांब आहेत, अन् सध्या मारकाट, काळोख असलेलं चालते, तसं लिही. त्याने तसंही करून पाहिलं, छोटं लिहिलं, काळंकुट्ट लिहिलं, पण जमलं नाही, त्याचं त्यालाच आवडेना. मग वैतागून ठरवलं की नाही विकलं जात तर नको, आता आपल्याला वाचावंसं वाटते तेच लिहायचं, अन् द वे ऑफ किंग्ज नावाची भली मोठी कादंबरी लिहायला घेतली. तो हे लिहीत होता तोवर त्याची सहाव्या नंबरची कादंबरी, एलांट्रिस, टॉर नावाच्या प्रकाशनाच्या एका संपादकाकडे पडून होती. दीड वर्षाने, 2003 मध्ये, त्या संपादकाचा फोन आला की घेतो. पुस्तक बाजारात आलं 2005 ला. पुढच्या वर्षी मिस्टबॉर्न नावाची मालिका सुरू झाली.

मिस्टबॉर्नमधली जादू तर आमच्यासारख्या काटेवाल्याला फारच पटते. माणसं धातू गिळतात अन् त्याची ताकद वापरतात. लोखंड गिळलं तर आजूबाजूचा धातू आपल्याकडे ओढता येतो, पोलाद गिळलं तर ढकलता येतो. पण यात वजन मोजलं जाते! समोरची वस्तू तुमच्यापेक्षा हलकी असेल तर ती उडते, जड असेल तर तुम्हीच उडता. गोष्टीतली पोरगी नाणं खाली टाकते, त्याला ढकलते, नाणं जमिनीला टेकलेलं म्हणून हलत नाही, अन् ती स्वतः हवेत जाते. 2007 मध्ये त्याने यावर एक लेख लिहिला, सँडरसनचा पहिला नियम म्हणतात त्याला, सार असं की जादूने अडचण सोडवायची असेल तर ती जादू वाचणाऱ्याला आधी नीट समजलेली पाहिजे, नाहीतर ती फसवणूक वाटते. आमची आजी हेच करत होती. चकवा लागला की माणूस त्याच वावरात रातभर फिरते, मग जागेवर बसून राहायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही, हे ती गोष्टीच्या सुरुवातीलाच सांगून टाकायची, म्हणून शेवटी गोष्टीतला माणूस धुऱ्यावर बसला की आम्हाला हुश्श व्हायचं.

त्याच 2007 च्या सप्टेंबरमध्ये रॉबर्ट जॉर्डन वारले, ते पण जादूच्या कादंबऱ्या लिहिणारे मोठे लेखक. व्हील ऑफ टाइम ही त्यांची मालिका 1990 पासून चालू, मुख्य अकरा पुस्तकं झालेली, बारावं अर्धवट, अन् लाखो वाचक ताटकळलेले. सँडरसन शाळकरी वयापासून त्यांचा वाचक, त्याने एक श्रद्धांजली लिहिली. ती जॉर्डनच्या बायकोच्या, हॅरिएट मॅकडूगलच्या वाचनात आली, त्याच नवऱ्याच्या संपादक पण होत्या. त्यांनी सँडरसनलाच विचारलं, पूर्ण करशील का. एका पुस्तकाचं काम वाढत वाढत तीन पुस्तकं झाली, 2009, 2010 अन् शेवटचं जानेवारी 2013. शेवटचा प्रसंग जॉर्डन स्वतः लिहून गेले होते, तो तसाच ठेवला. दुसऱ्याच्या वावरात पेरणी करणं अवघड, त्यात मालक गेलेला. काही वाचक कुरकुरले, पण मालिका संपली तरी, अन् ज्यांनी सँडरसनचं नावही ऐकलं नव्हतं ते त्याच्याकडे वळले.

2010 मध्ये ती वैतागून लिहिलेली द वे ऑफ किंग्ज नव्याने लिहून एका मालिकेचा पहिला भाग म्हणून छापून आली. त्या मालिकेचा दहा भागांचा बेत आहे, पाचवा डिसेंबर 2024 ला आला, एकेक हजार पानांच्या वर, उशी करून झोपता येईल.

आता ते तीनशे कोटी. कोरोनात दौरे बंद, कार्यक्रम बंद, तर या माणसाने कोणाला न सांगता चार जास्तीच्या कादंबऱ्या लिहून ठेवल्या, त्यातली पहिली तर बायकोसाठीच. मार्च 2022 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, सांगितलं की या मी स्वतः छापून देतो, आधी पैसे भरा. महिनाभरात 1,85,341 लोकांनी 4 कोटी 17 लाख डॉलर भरले, किकस्टार्टरवर तोवर एवढे कोणालाच मिळाले नव्हते. म्हणजे आडत्याला बाजूला ठेवून कास्तकाराने सरळ गिऱ्हाइकाला माल दिला. या चार कादंबऱ्यांची ऑडिओ पुस्तकंही त्याने सुरुवातीला ऑडिबलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ऑडिओ पुस्तकांच्या दुकानावर, दिली नाही, म्हणाला लेखकाला ते वाटा फार कमी देतात, मला परवडेल पण लहान लेखकांचं काय. भाव पाडून मागणाऱ्याला माल न देण्याची हिंमत ज्याच्या घरी साठवायला जागा आहे त्यालाच होते, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

अन् कॉलेजात तो लिहिणं शिकवते, ते लेक्चर यूट्यूबवर फुकट आहेत, इंग्रजी जरा फास्ट आहे, स्पीड कमी करून ऐका.

एवढ्यात त्या पोराच्या बापाची गाडी खाली होऊन काट्यावर आली. पोरगा म्हणे, पहिलं कोणतं वाचू. मी म्हटलं मिस्टबॉर्न. त्याने पेन मागितला अन् समोरच्या पावतीच्या मागं नाव लिहून ती खिशात घातली, ती नेमकी ऑफिसची कॉपी होती, मला दुसरी फाडावी लागली.