जैव अभियांत्रिकीचा इंदुरी खड्डा

इंदूरमध्ये दहावी झाली की मुलगी एक तर 'मॅथ्सवाली' होते, नाही तर 'बायोवाली'. त्यामुळे भाचीने यंदा जैव अभियांत्रिकीचं नाव काढलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "म्हणजे तू नक्की कुठली?" प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. देवी अहिल्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञान विज्ञानाच्या बाजूला बसतं, गोविंदराम सेकसरिया संस्थेत बायोमेडिकल अभियांत्रिकीच्या बाजूला, आणि सिमरोलच्या आयआयटीत तर विभागाच्या नावातच दोन्ही शेजारी नांदतात.

गोंधळाचं कारण असं, की हा विषय एका घरात जन्मलेला नाही. एक घर शेतीचं. अलाहाबादच्या कृषी संस्थेत 1942 मध्ये कृषी अभियांत्रिकीची पदवी सुरू झाली, ती नांगर, पंप, धान्याची कोठारं यांची. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संघटनेने आपल्या नावात 'जैव' हा शब्द घातला तो थेट 2005 मध्ये. दुसरं घर आंबवण्याचं. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि टाकीत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढणारी माणसं लागली. तिसरं घर दवाखान्यातल्या यंत्रांचं.

पुढे 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच वर्षी भारत सरकारने राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान मंडळ नेमलं आणि 1986 मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग झाला. या विभागाच्या पैशावर विद्यापीठांत एमएस्सीचे वर्ग निघाले, जागा जेएनयूच्या सामायिक परीक्षेतून भरू लागल्या. पैसा विज्ञान शाखेच्या दारातून आला, म्हणून सरकारी विद्यापीठांत विषयही बराचसा तिथेच अडकून राहिला, असं माझं मत.

पण इंदूरला हा सगळा इतिहास अर्धवट लागू पडतो. इथली गोष्ट 1924 ची आहे.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड त्याआधी बिहारात पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत होते. तिथे बियाणं एका खात्यात, बुरशी दुसऱ्या, माती तिसऱ्या. पीक शेतात एकच असतं, मग त्याचा अभ्यास तुकड्यांत का, हे त्यांचं भांडण. ते सुटेना, म्हणून त्यांनी नवी संस्था काढायचं ठरवलं. होळकर दरबाराने 300 एकर जमीन दिली, मध्य भारतातल्या संस्थानांनी हातभार लावला आणि कापसावरच्या उपकरातून मध्यवर्ती कापूस समितीने पैसे दिले. तीच ही 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'. आज त्या जागेवर कृषी महाविद्यालय आहे, ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाचं.

संस्थेतले रसायनज्ञ होते यशवंत वाड. 1931 मध्ये निघालेल्या कंपोस्टवरच्या पुस्तकावर हॉवर्डांच्या खाली त्यांचं नाव आहे. जगाला हॉवर्ड ठाऊक, वाड इंदूरच्या मराठी मंडळींनाही माहीत नाहीत.

काम काय होतं? कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या लाकडासारख्या टणक, कुजता कुजत नाहीत. त्या शेतरस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरा होऊ द्यायचा. मग तो भुगा गुरांखाली अंथरायचा. तो भिजला की उथळ खड्ड्यात थर लावायचे: अंथरूण, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, चुलीतली राख, आणि पाण्याचा शिपका. पाणी जास्त झालं की हवा कोंडते, कमी झालं की बुरशी मरते. आधी बुरशी, मग जिवाणू, ढीग चांगलाच तापतो. तीन वेळा उलथायचा, साधारण 90 दिवसांत खत तयार. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीतले खड्डे पाण्याने भरतात, तेव्हा जमिनीवर ढीग. हीच 'इंदूर पद्धत' जगभर गेली. ओलावा, हवा, तापमान आणि वेळ मोजून जिवांकडून काम करून घेणं, याला आज बायोप्रोसेस म्हणतात. फक्त टाकी स्टीलची असते.

इंदूरजवळ देवगुराडियाला 2022 मध्ये सुरू झालेला, कचऱ्यातून मिथेन वायू काढणारा बायो-सीएनजी प्रकल्प त्याच विद्येची उलटी बाजू. सुरू झाला तेव्हा रोज 550 टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता होती. तिथे हवा आत येऊच द्यायची नाही, कारण मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऑक्सिजन सोसत नाही.

परवा भाचीसमोर मी हॉवर्ड-वाडांचे आकडे ठेवले. खड्डा भरताना कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण 33 ला 1, खत झाल्यावर 10 ला 1. नायट्रोजन तेवढाच राहिला असं धरून तिने मांडणी केली: 33 किलो कार्बनातले 23 किलो गायब. पेन्सिल चावत म्हणाली, "मामा, हे गेले कुठे?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हवेत गेले असणार. उकिरडा उगीच का खाली बसतो?"